शेखाडीचा इशारा आणि कलम २४

वरसे ही रोहा शहराला लागून असलेली ग्रामपंचायत. आपल्या आळीतल्या गटाराचं बिल कितीचं निघालं, नळयोजनेचं काम कोणाला दिलं, हे तिथल्या एखाद्या रहिवाशाला जाणून घ्यायचं असेल, तर त्याची वाट ठरलेली आहे. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. मजकूर १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच ठेवायचा. अर्ज ग्रामसेवकाकडे द्यायचा. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी गावात शब्द जुनाच चालतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्यानेही भागलं नाही तर राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं. माहिती का हवी, हे विचारायचा अधिकार कोणालाही नाही. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

गेल्या वीस वर्षांत ही वाट इतकी रुळली आहे की ‘माहिती टाकतो’ एवढं म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं. पण याच रहिवाशाने आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्याबद्दल एक प्रश्न विचारला, तर ही वाट एका ठिकाणी अचानक संपते. प्रश्न असा: १९९३ साली श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकं उतरली. त्याआधी सरकारी यंत्रणेला इशारा मिळाला होता का? मिळाला असेल तर तो कोणाच्या टेबलावर पोचला आणि पुढे त्याचं काय झालं?

उत्तराचा पहिला भाग आज सर्वांना माहीत आहे. इशारा मिळाला होता. महसूल गुप्तवार्ता संचालनालय, म्हणजे डीआरआय, ही तस्करीवर नजर ठेवणारी केंद्राची संस्था १९५७ पासून काम करते आहे. जानेवारी १९९३ च्या अखेरच्या आठवड्यात तिने मुंबईच्या कस्टम्सला लेखी कळवलं होतं की येत्या काही दिवसांत सोन्या-चांदीबरोबर स्वयंचलित शस्त्रंही किनाऱ्यावर उतरवली जाण्याची शक्यता आहे. त्या पत्रात ठिकाणांची नावं होती आणि त्यांत श्रीवर्धन होतं, बाणकोट होतं, रत्नागिरी होती. त्याआधी ९ जानेवारीलाच दिघीला एक माल उतरला होता. तो नेणारे ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले आणि पैशांची बोलणी करून सोडून दिले. सगळी रक्कम हातात पडेपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या. इशाऱ्याचं पत्र आलं त्यानंतर. मग ३ फेब्रुवारी आणि ७ फेब्रुवारीच्या रात्री शेखाडीला माल उतरला आणि घाटरस्त्याने मुंबईकडे गेला. १२ मार्चला साखळी बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली. २५७ माणसं मेली, ७१३ जखमी झाली.

शेखाडी वरसेहून तळा-म्हसळ्याच्या बाजूने दोनेक तासांवर आहे. या पट्ट्यातल्या माणसाला मुंबईचे स्फोट दूरचे वाटत नाहीत. माल इथूनच गेला, इथल्याच फाट्यांवरून गेला, आणि तो अडवायला नेमलेल्या काहींनी तो पुढे जाऊ दिला. विशेष टाडा न्यायालयाने श्रीवर्धन ठाण्याच्या पोलिसांना दोषी ठरवलं, कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवलं. त्यांत त्या काळचे कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना जन्मठेप झाली. २१ मार्च २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही पोलीस आणि कस्टम्सच्या वागणुकीवर कठोर ताशेरे ओढले.

आता मूळ मुद्दा. डीआरआयच्या त्या पत्राची माहिती आपल्याला झाली ती फौजदारी खटल्यामुळे. खटला चालवायचा तर कागद न्यायालयात दाखल करावेच लागतात. समजा खटल्यात त्या पत्राची गरज पडली नसती. मग रायगडच्या नागरिकाला ते पत्र अस्तित्वात आहे हे तरी कळलं असतं का? माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पाहिलं तर उत्तर ‘नाही’कडे झुकतं. त्या ‘नाही’ला एक छोटी फट मात्र आहे, आणि हा लेख त्या फटीसाठीच लिहिला आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम २४ च्या पहिल्या पोटकलमाचा अर्थ सोप्या शब्दांत असा: दुसऱ्या अनुसूचीत नावं दिलेल्या केंद्राच्या गुप्तवार्ता आणि सुरक्षा संस्थांना या अधिनियमातलं काहीही लागू होणार नाही. ‘काहीही’ या शब्दापाशी थांबायला हवं. बहुतेकांना वाटतं की या संस्थांना फक्त गुपितं लपवायची मुभा आहे. पण गुपितं झाकण्याची सोय कायद्याने आधीच, कलम ८ मध्ये केली आहे. देशाची सुरक्षा धोक्यात येईल अशी माहिती तिथे नाकारता येते. कोणाच्या जिवाला धोका होईल, किंवा विश्वासाने खबर देणाऱ्याची ओळख उघड होईल, तीही नाकारता येते. चालू तपासात अडथळा येईल, तीही. ही सूट माहितीच्या स्वरूपावर ठरते. एकेक कागद हातात घेऊन पाहायचा आणि उघड केला तर काय बिघडेल हे सांगायचं, असा तो नियम आहे. कागदाचा काही भाग गुप्त आणि काही साधा असेल, तर कलम १० प्रमाणे गुप्त ओळींवर काळी पट्टी मारून बाकीचा द्यायचा. माहिती उघड करण्यातलं लोकहित तिच्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर कलम ८(२) प्रमाणे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियमही आड येत नाही. शिवाय २० वर्षं उलटलेल्या घटनांची माहिती सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडून द्यावी लागते.

कलम २४ हे सगळं एका फटक्यात बाजूला करतं. तिथे कागद पाहिला जात नाही, कचेरीच्या दारावरची पाटी पाहिली जाते. पाटी अनुसूचीतली असेल, तर आतल्या गुप्त खबरींच्या नोंदींपासून कँटीनच्या ठेक्यापर्यंत सारंच कायद्याबाहेर. काळी पट्टी मारून उरलेलं देण्याचं बंधन नाही, लोकहिताचा तराजू नाही, २० वर्षांची मुदत नाही. गुपित राखण्याची गरज मला पूर्ण मान्य आहे. पण गुपित कागदात असतं. ते पाटीवर शोधणं ही चूक आहे असं मला वाटतं, आणि तिची किंमत शेखाडीसारख्या गावांनी मोजली आहे.

गुपिताची गरज मान्य का, तेही सांगायला हवं. दिवेआगर, भरडखोल, जीवना, दिघी इथल्या एखाद्या कोळ्याला पहाटे समुद्रात अनोळखी होडी दिसते आणि तो पोलिसांना फोन करतो. त्या माणसाचं नाव कोणत्याही कागदातून, कोणत्याही अर्जातून, वीस काय पन्नास वर्षांनीही बाहेर जाता कामा नये. त्याची बायकोमुलं त्याच वाडीत राहतात, ज्याच्याबद्दल त्याने खबर दिली तोही कदाचित त्याच बंदरात मासे उतरवतो. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. तेव्हापासून किनाऱ्याची राखण मच्छीमारांच्या डोळ्यांवर किती अवलंबून आहे, हे साऱ्यांना कळून चुकलं आहे. खबर देणाऱ्याचा विश्वास मोडला तर हे डोळे मिटतील. गुप्तचर संस्थेची माणसं कुठे पेरली आहेत, कोणाचे फोन कायदेशीर परवानगीने ऐकले जात आहेत, परदेशातल्या कोणत्या यंत्रणेने काय कळवलं, ही माहितीही बाजारात मांडायची नाही.

पण शेखाडीच्या पत्राबाबतचे प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. पत्र कधी पोचलं? त्यावर कोणाची सही आहे? ते रायगड पोलिसांना कळवलं गेलं का? कोणत्या फाट्यावर किती वेळ पाळत बसली आणि ती उठवण्याचा आदेश कोणी दिला? यांतल्या एकाही उत्तरात खबऱ्याचं नाव येत नाही. खबर मिळाल्यावर नेमलेल्या माणसांनी काय केलं, एवढंच त्यांतून कळतं. खबऱ्याला झाकणारी चादर आणि हलगर्जी अधिकाऱ्याला झाकणारी चादर एकच असेल, तर ती पांघरायला खबऱ्याआधी अधिकारी धावतो.

कलम २४ मधलं आणखी एक वाक्य या गोष्टीला थेट लागू पडतं, आणि त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. सूट संस्थेपुरती थांबत नाही. या संस्थांनी केंद्र सरकारला पुरवलेली माहितीही कायद्याबाहेर जाते. डीआरआय अनुसूचीत पहिल्यापासून आहे. कस्टम्स त्या यादीत नाही. तिथे साधा अर्ज चालतो. पण डीआरआयने लिहिलेलं पत्र कस्टम्सच्या फायलीत असलं, तरी ते ‘पुरवलेली माहिती’ ठरतं आणि फायलीत बसल्या जागी कायद्याबाहेर जातं. म्हणजे सूट कागदाच्या मागे मागे दुसऱ्या कचेरीत जाते, आणि इशारा मिळूनही गप्प बसलेल्याच्या कपाटाला तिचं कुलूप लागतं. शब्दशः वाचलं तर हे वाक्य केंद्र सरकारला दिलेल्या माहितीपुरतं आहे. तोच इशारा राज्याच्या पोलिसांकडे आला असेल, तर तो कलम ८ च्या कसोटीवर तपासायला हवा, असा युक्तिवाद अपिलात करता येतो, करायलाही हवा.

ही यादी दिसते त्याहून लांब आहे. गुप्तवार्ता विभाग, म्हणजे आयबी, आणि रॉ ही नावं अपेक्षितच आहेत. त्यांच्या शेजारी अंमलबजावणी संचालनालय, म्हणजे ईडी, अमली पदार्थ नियंत्रण विभाग, सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ आणि सीआयएसएफही आहेत. बंदरं, विमानतळ, खत कारखाने यांच्या फाटकावर उभी असणारी सीआयएसएफ गुप्तचर संस्था आहे असं तिथल्या जवानालाही वाटत नसेल. सुरुवातीला यादीत १८ नावं होती. नवीन नाव घालायला कायदा बदलावा लागत नाही. केंद्राने राजपत्रात अधिसूचना काढली की झालं, मागाहून ती संसदेच्या पटलावर ठेवायची. ९ जून २०११ ला सीबीआय, एनआयए आणि नॅटग्रिड ही नावं अशीच आत आली. सीबीआय ही मुळात भ्रष्टाचाराचा तपास करणारी संस्था, आणि त्या वेळी ती देशातल्या मोठमोठ्या आर्थिक घोटाळ्यांच्या मागे लागलेली होती, म्हणून त्या निर्णयावर खूप टीका झाली. २०२३ च्या नोव्हेंबरात संगणक सुरक्षेचं काम करणारी सर्ट-इन ही संस्थाही यादीत गेली. आपल्या आधारच्या किंवा बँकेच्या माहितीला कुठे पाझर फुटला, हे विचारायची जागा त्यामुळे एकाने कमी झाली.

राज्यांनाही हीच किल्ली मिळाली आहे. पोटकलम ४ प्रमाणे राज्य सरकार आपल्या गुप्तवार्ता आणि सुरक्षा संघटनांना अधिसूचना काढून कायद्याबाहेर ठेवू शकतं. राज्य गुप्तवार्ता विभाग किंवा पोलिसांच्या विशेष शाखा अशा घटकांसाठी हे पोटकलम घातलं गेलं. पण तमिळनाडूने २००८ साली त्याचा आधार घेऊन आपल्या लाचलुचपत प्रतिबंधक यंत्रणेलाच सूट दिली. लाच पकडणारी कचेरी ही गुप्तवार्ता संघटना कशी, हा प्रश्न तिथल्या उच्च न्यायालयात गेला आणि सरकारच्या बाजूने सुटला. शब्द एकदा सैल झाला की त्यात किती काय मावतं, ते यातून दिसतं.

आता त्या फटीबद्दल. कलम २४ ला एक परंतुक जोडलेलं आहे: भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांशी संबंधित माहिती या सुटीतून वगळलेली आहे. आयबी असो, रॉ असो, डीआरआय असो, या दोन विषयांत त्यांना कायदा लागू होतो. मानवी हक्कांच्या बाबतीत माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि मुदत ४५ दिवसांची असते. भ्रष्टाचाराच्या बाबतीत अशी मंजुरी लागत नाही. कायद्याने वापरलेला शब्द ‘आरोप’ आहे, हे महत्त्वाचं. सिद्ध झालेला गुन्हा दाखवा मग माहिती देतो, असं म्हणायची सोय त्यात नाही.

या परंतुकाला बराच काळ संस्था आखूड करून वाचत होत्या. आरोप आमच्याच नोकरांवर असेल तरच ते लागू, दुसऱ्या खात्यातल्या भ्रष्टाचाराबद्दल आमच्याकडे काही कागद असतील तर ते द्यायला आम्ही बांधील नाही, अशी ती भूमिका. भारतीय वनसेवेतले अधिकारी संजीव चतुर्वेदी यांनी आयबीकडे माहिती मागितली तेव्हा हाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितलं की माहिती भ्रष्टाचाराच्या किंवा मानवी हक्कांच्या आरोपाशी निगडित असणं एवढंच पुरेसं आहे. आरोप त्या संस्थेच्या माणसावर आहे की बाहेरच्या, याने फरक पडत नाही. २०२४ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने सीबीआयच्या बाबतीतही संस्थेला सरसकट सूट नाही असं स्पष्ट केलं. शेखाडीच्या दृष्टीने हे वाचन मोलाचं आहे. तिथे आरोप डीआरआयवर नव्हताच. डीआरआयने इशारा दिला होता. पैसे खाल्ले ते दुसऱ्यांनी.

१९९३ च्या स्फोटांतून निघालेला दुसरा एक धागाही याच प्रश्नाला येऊन मिळतो. गुन्हेगारी टोळ्यांना सरकारी नोकर आणि राजकीय माणसांचं संरक्षण कसं मिळतं, हे पाहण्यासाठी केंद्राने ९ जुलै १९९३ ला तेव्हाचे गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गृहमंत्री होते आपले शंकरराव चव्हाण. आयबी, सीबीआय, महसूल खातं अशा साऱ्यांकडची माहिती समितीपुढे आली. ऑक्टोबरमध्ये अहवाल तयार झाला, जेमतेम डझनभर पानांचा. विषय इतका नाजूक की व्होरांनी तो स्वतः सांगून लिहून घेतला आणि त्याच्या तीनच प्रती काढल्या. पुढे जवळजवळ दोन वर्षं तो कपाटात राहिला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत ठेवला गेला, तेव्हा वाचणाऱ्यांना त्यात यंत्रणा सडल्याचं वर्णन सापडलं, पण नावं सापडली नाहीत.

मग खासदार दिनेश त्रिवेदी आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली: ज्या गुप्तचर टिपणांवर अहवाल उभा आहे, ती लोकांसमोर आणा. २० मार्च १९९७ चा निकाल आजही वाचण्यासारखा आहे. सरकार काय करतं हे जाणण्याचा नागरिकांचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण तो अमर्याद नाही असं सांगितलं आणि टिपणं उघड करायला नकार दिला. गुप्ततेच्या भरवशावर दिलेली, न पडताळलेली माहिती उघड केली तर निरपराधांची बदनामी होईल आणि संस्था पुढे मोकळेपणाने काही लिहिणार नाहीत, हे त्यामागचं कारण. ते मला पटतं. कच्च्या टिपणात कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. या टिपणांचा पाठपुरावा होतो की नाही हे पाहण्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमावी, असंही त्याने सांगितलं. गुपित राखा, पण त्यावर नजर ठेवणारं कोणीतरी असू द्या, हा त्याचा आशय होता. आपल्याकडे उणीव आहे ती नेमकी इथे.

रोह्यात लहानपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांना ही उणीव फार आधी दिसली होती. अर्थमंत्रिपद सोडल्यावर, १९५९ साली, त्यांनी वरच्या पातळीवरच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारं निःपक्षपाती न्यायाधिकरण नेमा, आपण त्यापुढे माहिती द्यायला तयार आहोत, असं जाहीरपणे म्हटलं होतं. पंडित नेहरूंनी ते मान्य केलं नाही. आरोप सुरक्षितपणे मांडता येईल अशी जागाच नसेल, तर माहिती असलेला माणूसही गप्प बसतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

जगाकडे पाहिलं तर सूट सगळीकडे आहे. वेगळी आहे ती नजर ठेवण्याची व्यवस्था. ब्रिटनच्या २००० सालच्या माहिती कायद्यात एमआय५, एमआय६ आणि जीसीएचक्यू यांना पूर्ण सूट आहे, इतकी की भ्रष्टाचाराचा अपवादही तिथे नाही. त्या बाबतीत आपला कायदा उजवा. पण या संस्था तिथे संसदेने केलेल्या कायद्यांनी बांधल्या आहेत, आणि १९९४ पासून खासदारांची एक समिती त्यांचा कारभार, खर्च आणि धोरण तपासते. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याखाली सीआयएकडेही अर्ज करता येतो; १९८४ साली तिच्या प्रत्यक्ष मोहिमांच्या फायलींना सूट मिळाली, साऱ्या संस्थेला नाही. म्हणजे तिथे रेघ फायलीभोवती मारली आहे, पाटीभोवती नाही. आपल्याकडे आयबीची मुळं १८८७ पर्यंत जातात आणि रॉ १९६८ साली स्थापन झाली. पण या दोन्ही संस्थांची कामं, अधिकार आणि मर्यादा ठरवणारा संसदेचा कायदा आजही नाही, त्यांच्यावर नजर ठेवणारी संसदीय समितीही नाही. २०११ साली मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक मांडून पाहिलं, ते पुढे गेलं नाही. नजर ठेवणारं दुसरं कोणी नसताना माहितीचा अधिकारही काढून घेतला की उरतं फक्त न्यायालय, आणि तेही दुर्घटना घडून गेल्यावर.

संवेदनशील माहिती बाहेर आली की आभाळ कोसळतं, ही भीती दोन प्रसंगांनी मला तरी खोटी वाटू लागली. पहिला प्रसंग विनीता कामटे यांचा. २६/११ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी मारले गेले. त्या वेळी नियंत्रण कक्षाशी काय बोलणं झालं, मदत कधी मागितली गेली, हे अशोक कामटे यांच्या पत्नीला जाणून घ्यायचं होतं. विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराचा चिकाटीने पाठपुरावा करून त्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. त्यांच्या ‘टू द लास्ट बुलेट’ या २००९ सालच्या पुस्तकामागे या नोंदींचा आधार आहे. देशाला हादरवणाऱ्या हल्ल्यातल्या पोलिसांच्या बिनतारी संदेशांच्या त्या नोंदी होत्या. त्या उघड झाल्या म्हणून देशाची सुरक्षा ढासळली नाही. एका कुटुंबाला आपला माणूस कसा गेला हे कळलं, आणि मदत पोचायला उशीर का झाला यावर राज्याला बोलावं लागलं.

दुसरा प्रसंग आपल्या किनाऱ्यावरचा. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली. आत एके-४७ रायफली आणि काडतुसं. दहीहंडी तोंडावर, गणपती दोन आठवड्यांवर, आणि श्रीवर्धनच्या लोकांच्या मनात १९९३ ताजं. काही तासांत रायगडभर फोन फिरले, नाकाबंदी लागली. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत माहिती दिली: बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची आहे, तिचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं, आतल्या लोकांना दुसऱ्या जहाजाने आधीच वाचवलं, आणि सोडून दिलेली बोट लाटांबरोबर इथवर आली. प्राथमिक तपासात दहशतवादी धागा दिसत नाही, हेही त्यांनी सांगितलं. तपास पुढे चालूच राहिला, पण अफवांचा जोर ओसरला. हा सगळा तपशील तटरक्षक दल आणि केंद्रीय यंत्रणांकडून आलेला, म्हणजे एरवी सहज ‘गुप्त’ म्हणून झाकता आला असता असा. तो वेळेवर सांगितल्याने किनारा शांत झाला.

वरसेच्या त्या रहिवाशाकडे परत येऊ. त्याला कलम २४ च्या यादीतल्या संस्थेकडे अर्ज करायचा असेल तर काही गोष्टी ठाऊक असाव्यात. केंद्राच्या कचेरीला राज्याचा कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. रोह्याच्या पोस्टातून १० रुपयांची पोस्टल ऑर्डर घ्यावी किंवा केंद्राच्या संकेतस्थळावरून शुल्क भरावं. शब्दमर्यादा तिथे ५०० ची आहे. दुसरं अपील कोकण खंडपीठाकडे न जाता दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं. एरवी माहिती कशासाठी हवी हे लिहायची गरज नसते, पण इथे लिहावंच, आणि ते पहिल्याच वाक्यात: ही माहिती अमुक भ्रष्टाचाराच्या आरोपाशी संबंधित आहे, म्हणून कलम २४(१) चं परंतुक लागू होतं. आरोपाला कशाचा आधार आहे, तेही जोडावं. निकाल असेल तर निकाल, तक्रार असेल तर तिची प्रत. आणि प्रश्न असे विचारावेत की त्यांची उत्तरं देताना खबऱ्याला धक्का लागू नये.

शेखाडीच्या बाबतीत ते प्रश्न चार आहेत. जानेवारी १९९३ चा इशारा कस्टम्सच्या कोणत्या कचेरीत, कोणत्या तारखेला पोचला? तिथून तो कोणाकोणाला कळवला गेला? त्यानुसार ३ आणि ७ फेब्रुवारीच्या रात्री म्हसळा आणि श्रीवर्धनच्या रस्त्यांवर कोणती पथकं नेमली होती? आणि शेखाडीचा माल निसटल्यावर या सगळ्याचा खात्यांतर्गत अहवाल कोणी, कधी लिहिला? इथे आरोप नुसता आरोपही उरलेला नाही, लाच घेणाऱ्यांना न्यायालयाने शिक्षा दिलेली आहे. खबर कोणी दिली, हे या चारपैकी एकाही प्रश्नात विचारलेलं नाही.